घरानं घराचं काम करावं

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. हैदराबादेतलं मियापूर असो, कुकटपल्ली असो की काचीगुड्यातली जुनी गल्ली, प्राथमिक शाळेत जाणारं मूल ज्या घरात आहे तिथं या वेळी चित्र साधारण सारखंच असतं. जेवणाच्या टेबलावर वह्या पसरलेल्या. शाळेच्या ग्रुपवर आलेला होमवर्क आईच्या मोबाइलवर उघडलेला. गणिताचं वर्कशीट, इंग्रजीची प्रश्नोत्तरं, तेलुगूचं एक पान. मूल तेलुगू अक्षरं चित्र काढावं तशी उतरवून काढतं, आई एका डोळ्यानं कुकरकडे आणि एका डोळ्यानं वहीकडे बघते, आणि तासाभरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य असतं, ‘लवकर लिही’. मुलाच्या अभ्यासात आईवडिलांनी लक्ष घालावं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. प्रश्न आहे तो लक्ष घालायचं म्हणजे करायचं काय, हा. माझं म्हणणं असं, की घराला शाळेची शाखा बनवण्यात आपण जी शक्ती घालवतो, तिच्यातली निम्मी जरी मुलाशी आपल्या भाषेत बोलण्यात, त्याचं ऐकून घेण्यात आणि त्याला वाचून दाखवण्यात घातली, तरी शाळेतलं शिकणंसुद्धा अधिक पक्कं होईल. अक्षरओळख, हिशेबाच्या रीती, सराव ही कामं शाळेला जमतात. पण चाळीस मुलांच्या वर्गात एकाच मुलाशी सलग दहा मिनिटं बोलत बसणं कुठल्याही बाईंना शक्य नसतं. ते घरालाच जमतं, आणि घरानं ते सोडून दिलं तर ते दुसरं कुणी करत नाही.

हैदराबादेतल्या मराठी घरात हा प्रश्न जरा जास्त गुंतलेला आहे. इथल्या मराठी मुलाची शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची. तेलंगण सरकारच्या २०१८ च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असलं तरी, पहिली ते दहावी तेलुगू टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. पुढे हिंदीही येते, आणि खेळायला खाली उतरलं की दखनी वळणाची हिंदी कानावर पडतेच. घरात मराठी. म्हणजे आठ वर्षांचं मूल चार भाषा आणि तीन लिप्या सांभाळत असतं. या शहराला हे नवीन नाही. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती; १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. शिकून पुढे जायचं तर मराठी मुलाला उर्दूच्या दारातून जावं लागे. त्याच राज्यात, १९०७ साली, केशवराव कोरटकरांसारख्यांच्या पुढाकारानं विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली. १९५६ साली मराठवाडा वेगळा झाला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं, आणि इथं राहिलेल्या मराठी घरांभोवतीची भाषा पुन्हा बदलली. पण बाहेर काहीही चाललेलं असलं तरी उंबऱ्याच्या आत पाढे, गोष्टी, आरत्या आणि भांडणं मराठीतच होती. आज फरक पडलाय तो उंबऱ्याच्या आत. ‘हँड वॉश कर’, ‘मिल्क फिनिश कर’, ‘शूज नीट अरेंज कर’ ही वाक्यं मराठी आहेत की इंग्रजी ते सांगणं कठीण आहे. पण त्यांत ना धड मराठी वाढते ना इंग्रजी. हुकूम द्यायला ती पुरतात. एखादी गोष्ट समजावून सांगायला, कारण विचारायला, कल्पना लढवायला पुरत नाहीत.

आणि शिकणं नेमकं तिथंच अडतं. वाचनाचं उदाहरण घेऊ, कारण प्राथमिक वर्गांतलं बाकी सगळं वाचनावरच उभं असतं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं आणि गेली जवळजवळ चाळीस वर्षं ते टिकून आहे. वाचून समजणं म्हणजे दोन क्षमतांचा गुणाकार: अक्षरांवरून शब्द उच्चारता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं. ही बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. एक बाजू शून्याच्या जवळ असली तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. पहिलीतलं मूल इंग्रजी अक्षरं लावून वाचायला शिकलं, की आपण खूश होतो. मग तिसरीत ते एक वाक्य खडखडीत वाचतं: पाऊस येण्याआधी शेतकऱ्यानं बी पेरलं, अशा अर्थाचं. वाचून झाल्यावर ‘म्हणजे काय झालं?’ विचारलं की गप्प. इथं दोन मुलांची कल्पना करा. एकाला मराठीत पेरणी म्हणजे काय ते माहीत आहे. ती मिरगाच्या सुमारास होते, पाऊस लांबला की दुबार पेरणी करावी लागते, लातूरकडचे काका फोनवर त्याबद्दलच बोलत होते, एवढं त्याच्या कानावरून गेलं आहे. त्याला फक्त एका इंग्रजी शब्दाची अडचण आहे आणि ती एका मिनिटात सुटते. दुसऱ्या मुलाकडे पेरणी हा शब्दही नाही आणि ती कल्पनाही नाही. त्याला शब्द सांगून भागत नाही. आधी शेत उभं करावं लागतं. शाळा पहिल्या मुलाला मदत करू शकते. दुसऱ्याचं काम घरात राहून गेलेलं असतं.

आपल्या देशात हे किती मोठ्या प्रमाणावर राहून जातं याचा अंदाज ‘असर’च्या पाहणीतून येतो. या पाहणीसाठी ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी साधारण २७ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पाचवीतही हे प्रमाण निम्म्याच्या जरा खालीच राहिलं. ही आकडेवारी ग्रामीण भागाची आहे, गच्चीबावलीच्या सोसायटीतल्या मुलाला ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तिथल्या मुलाला उतारा वाचता येतो. पण वाचता येणं आणि समजणं यांतलं अंतर शहरी, महागड्या शाळेत सहज झाकून राहतं, कारण प्रश्नाचं उत्तर वहीत आधीच उतरवलेलं असतं आणि ते पाठ करून गुण मिळतात.

समज वाढवायची कशी, याचं उत्तर बोलण्यातून. अमेरिकेत बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले यांनी ४२ कुटुंबांतल्या लहान मुलांच्या कानावर किती शब्द पडतात याची नोंद करून १९९५ साली पुस्तक लिहिलं. सुशिक्षित आणि गरीब घरांतल्या मुलांमध्ये तीन-चार वर्षांच्या वयापर्यंत कोट्यवधी शब्दांची तफावत पडते, असा त्यांचा निष्कर्ष खूप गाजला. नंतर त्यावर टीकाही झाली, आणि ती योग्य होती. कुटुंबं थोडी, मोजायची पद्धत तोकडी, आणि गरीब घरात आजी, मावशी, शेजारी जे बोलतात ते धरलेलंच नाही. पण त्यातून पुढे जी कामं झाली ती जास्त उपयोगाची आहेत. २०१८ साली एमआयटीतल्या रेचेल रोमिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं दिवसभर ध्वनिमुद्रित केलं आणि त्या मुलांच्या मेंदूची चित्रंही घेतली. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा, मोठं माणूस आणि मूल यांच्यात आळीपाळीनं किती वेळा बोलणं झालं, याचा संबंध भाषा हाताळणाऱ्या मेंदूच्या भागाशी अधिक ठळक दिसला. घरची मिळकत किती, याचा त्यावर परिणाम नव्हता. म्हणजे मुलासमोर व्याख्यान देऊन काम होत नाही, टीव्ही लावून तर नाहीच. तू बोल, मी ऐकते. मी विचारते, तू सांग. ही देवाणघेवाण हवी.

ती कशी दिसते ते रैतू बाजारात पाहू. १९९९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांचे हे बाजार सुरू झाले. मेहदीपटणम, एर्रागड्डा, सरूरनगर, कुकटपल्ली इथले बाजार हैदराबादकरांना माहीत आहेत. तिथं रोजचे भाव फलकावर लिहिलेले असतात. दुसरीतल्या मुलाला घेऊन जा आणि फलकापुढे दोन मिनिटं थांबा. वंकाय म्हणजे वांगं, बेंडकाय म्हणजे भेंडी, दोंडकाय म्हणजे तोंडलं, काकरकाय म्हणजे कारलं. चार नावं झाली की मूलच विचारतं, ‘आई, सगळ्यांच्या शेवटी “काय” का आहे?’ मग आईनं उत्तर सांगून टाकू नये. ‘बघ बरं, आणखी कुणाच्या शेवटी आहे?’ असं विचारावं. पुढच्या गाळ्यावर हिरवी कच्ची केळी असतात, ती अरटिकाय. पिकलेली केळी मात्र अरटिपंडु. कैरी मामिडिकाय, आंबा मामिडिपंडु. कच्चं ते काय, पिकलं ते पंडु, हे मुलाच्या लक्षात येतं तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट सापडते: मराठीत आपण कैरी आणि आंबा असे दोन वेगळेच शब्द वापरतो, तेलुगूत एकाच शब्दाचं शेपूट बदलतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्यानं शोधलेलं आहे. शब्द जोडून शब्द होतात ही व्याकरणातली मोठी कल्पना त्याच्या हाती भाजीच्या पिशवीबरोबर आली. आईला तेलुगू वाचता येत नसलं तरी काही बिघडत नाही. उलट मुलानं आईला वाचून दाखवावं.

गणिताचंही तसंच. मराठी आकड्यांची नावं मुलाला अवघड जातात, त्यामागे कारण आहे. बावीस म्हणताना दोन आधी, वीस नंतर. लिहिताना मात्र विसाचा आकडा आधी. एकोणतीस तर ‘तिसाला एक कमी’ असं सांगतं. म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस दोन’, ‘सत्तर तीन’ अशा वाचनाचा पर्याय आला, आणि केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली होती, पण थट्टाच जास्त झाली. हैदराबादच्या मुलाला यात न समजण्यासारखं काहीच नाही, कारण तो ज्या भाषेच्या शेजारी राहतो तिच्यात विसाच्या पुढचे आकडे असेच चालतात: इरवै रेंडु म्हणजे वीस दोन, डेब्बै मूडु म्हणजे सत्तर तीन. इंग्रजीतही क्रम तोच. मग घरात एकाच आकड्याची तीन भाषांतली नावं ठेवून पाहावीत आणि कुठल्या भाषेत दशक आधी येतं, हे मुलाला ओळखायला सांगावं. स्थानिक किंमत ही कल्पना वर्कशीटच्या दहा पानांनी जितकी बसणार नाही तितकी या खेळानं बसते. दुसऱ्या बाजूनं मराठीकडे एक ठेवा आहे तो सोडू नये. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द म्हणजे अपूर्णांकांची रोजच्या वापरातली नावं आहेत. आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी म्हणत होत्या. ते पाठांतर आज परत आणायची गरज नाही. पण साठ रुपये किलोच्या दराची अडीच पाव भाजी कितीला पडेल, हे मुलाला तोंडी काढायला लावलं तर चौथीत अपूर्णांकांचा धडा येतो तेव्हा त्याच्याकडे आधीच काहीतरी असतं.

तेलुगू लिपीबद्दल पालकांची धास्ती मी समजू शकतो. आपल्याला येत नाही ते मुलाला कसं शिकवणार? पण देवनागरी येणाऱ्या माणसाला तेलुगू लिपी पूर्ण परकी नाही. दोन्ही ब्राह्मीच्या लेकी. क ख ग घ, च छ ज झ हा क्रम तोच. आपली बाराखडी म्हणजे त्यांचं गुणिंतं. आपण जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं करतो. तेलुगूत पहिलं अक्षर पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या पायाशी बसतं, त्याला ते वत्तु म्हणतात. ‘अम्मा’ हा एक शब्द दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहून बघितला की हा फरक मुलाच्या एकदम ध्यानात येतो. चमचा आणि चहा यांत मराठी जसा दोन प्रकारचा च म्हणते तसा तो तेलुगूतही आहे, म्हणून मराठी मुलाची जीभ इथं हिंदी मुलापेक्षा लवकर वळते. अडचण येते ती ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ यांत, कारण हा भेद मराठीत नाही. तिथं शेजारच्या तेलुगू काकूंची मदत घ्यावी. मुद्दा एवढाच, की मराठी घट्ट असलेलं मूल तेलुगूपाशी रिकाम्या हातानं जात नाही.

आता होमवर्ककडे वळू. हॅरिस कूपर या अमेरिकी अभ्यासकानं आपल्या सहकाऱ्यांसह पंधरा-सोळा वर्षांतले अभ्यास एकत्र तपासून २००६ साली दाखवलं, की गृहपाठ आणि शैक्षणिक यश यांचा संबंध वरच्या वर्गांत दिसतो, प्राथमिक वर्गांत मात्र तो फार क्षीण आहे. आपल्याकडेही २०१८ साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये आणि त्यांचं दप्तर दीड किलोच्या आत असावं अशा सूचना काढल्या. २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तरी शाळा देतातच आणि पालकही मागतात. दिला आहे तर तो करू द्यावा. शाळेशी रोजचं भांडण मुलाच्या अंगावर नको. फक्त तो मुलाचा असू द्यावा. चूक दिसली की लगेच खोडरबर हातात घेणं हा फार वाईट प्रकार आहे. बाईंना मुलाची चूक दिसलीच नाही तर त्या शिकवणार काय? प्रोजेक्टच्या नावाखाली थर्माकोलचा चारमिनार बाबांनी रात्री अकरापर्यंत कापत बसायचं, हाही त्यातलाच भाग. जवळ बसावं, आपलं काही काम करावं, आणि मूल अडलं तर ‘तुला काय विचारलंय ते आधी मला मराठीत सांग’ एवढं म्हणावं. निम्मी गणितं इथंच सुटतात, कारण अडलेलं असतं ते गणित नसतं, प्रश्नाची भाषा असते. वीस-पंचवीस मिनिटांत न संपणारा गृहपाठ वहीत तसाच ठेवून शेजारी तशी नोंद करायला पालकांनी कचरू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो इंग्रजीचा. मूल इंग्रजी शाळेत आहे, उद्या नोकरी इंग्रजीत करायची आहे, मग घरात मराठीचा आग्रह धरून त्याला मागे का ठेवायचं? ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. इंग्रजी यायलाच हवी. पण ती घरात अर्धवट इंग्रजी बोलून येते का, हे तपासायला हवं. जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला विचार असा, की एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत चालून येते. कारण सांगणं, क्रम लावणं, तुलना करणं ही कौशल्यं प्रत्येक भाषेत नव्यानं शिकावी लागत नाहीत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं म्हणतं. शाळेचं माध्यम बदलणं पालकांच्या हातात नाही, पण घरचं माध्यम आहे. आणि वर्गात तरी काय चालतं? केंब्रिज विद्यापीठाच्या पुढाकारानं दिल्ली, हैदराबाद आणि पाटण्यातल्या प्राथमिक शाळांतल्या बहुभाषकतेचा अभ्यास झाला. त्यात दिल्ली-हैदराबादच्या वर्गांत बसून नोंदी केल्या तेव्हा दिसलं, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही शिक्षक समजावताना स्थानिक भाषेचा सर्रास आधार घेतात. बाईंना जे गरजेचं वाटतं ते आई-बाबांनी चोरून का करावं? इंग्रजीसाठी दिवसातली पंधरा-वीस मिनिटं वेगळी ठेवावीत, त्यांत चांगलं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचावं, आणि तेव्हा फक्त इंग्रजी. बाकी वेळ पूर्ण वाक्यांची मराठी.

इतक्या भाषांनी मूल गोंधळेल, हा त्याच आक्षेपाचा दुसरा पदर. दोन भाषांतले शब्द मिसळणं हा गोंधळ नसतो. मूल ज्याच्याशी बोलतंय त्याची भाषा ओळखून बदलतं हे कुठल्याही हैदराबादी अंगणात दिसेल. याच शहरात, निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये, सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली नोंदवलं, की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला, आणि निरक्षरांमध्येही हा फरक दिसला. म्हातारपणाच्या अभ्यासातून दुसरीतल्या मुलाबद्दल थेट काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण अनेक भाषा म्हणजे डोक्यावरचं ओझं, ही समजूत निदान तपासून घ्यावी इतका तो बोलका आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे सगळं शिकलेल्या, वेळ असलेल्या घरांचं झालं. देगलूर-मुखेडकडून बांधकामावर आलेल्या, स्वतः चौथीपर्यंतही न गेलेल्या आईनं काय करायचं? गृहपाठ हीच मदत असं आपण धरलं, तर त्या आईला सांगण्यासारखं आपल्याकडे खरोखर काही नाही. तिला वर्कशीट वाचता येत नाही आणि ट्यूशनला पैसे नाहीत. पण बोलणं ही मदत मानली, तर ती एकदम समर्थ होते. तिच्याकडे ओव्या आहेत, उखाणे आहेत, गावाकडच्या गोष्टी आहेत, सिमेंट-वाळूचं प्रमाण तिला तोंडपाठ आहे. तीन पाट्या वाळूला एक पाटी सिमेंट, तर बारा पाट्यांना किती, हे ती मुलाला विचारू शकते. अशा आयांवर काम झालेलंही आहे. बिहार आणि राजस्थानात रुक्मिणी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी आयांसाठी साक्षरता वर्ग घेतले, काहींना मुलांबरोबर घरी करायच्या कृती दिल्या. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत मुलांच्या गणितात झालेली वाढ लहान होती, पण खरी होती, आणि आयांचा सहभाग स्पष्ट वाढला होता. बोट्स्वानात २०२० साली शाळा बंद असताना पालकांना नुसते मेसेज पाठवून काही साधलं नाही. आठवड्याला वीसेक मिनिटांचा फोन करून पालक आणि मूल दोघांशी बोललं, तेव्हा मुलांचं गणित सुधारलं. महाराष्ट्रात २०२२ च्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांतून गावोगाव माता गट झाले. त्याच वर्षी तेलंगणानं प्राथमिक शाळांसाठी जो पायाभूत कार्यक्रम काढला त्याचं नाव ‘तोली मेट्टू’, म्हणजे पहिली पायरी. त्याला जोडून माता गटांसारखी रचना हैदराबादच्या वस्त्यांतून, मराठी आयांनाही धरून, करता येईल; इथल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाइतकीच ही जबाबदारी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

वेळेचा प्रश्न हायटेक सिटीतल्या जोडप्यालाही आहेच. पण इथं वेगळा वेळ काढायचा नाही. पोळ्या लाटताना, मटार सोलताना, लिफ्टची वाट बघताना, सिग्नलला उभं असताना हे घडतं. अट एकच, की त्या वेळी मोबाइल खाली ठेवलेला असावा. आणि लहान वयातच प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे ‘फाउंडेशन’ वर्ग लावणाऱ्या या शहरात आपलं मूल मागे पडेल का, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की ज्या परीक्षेची भीती आहे तिच्यातला प्रश्नही आधी वाचून समजावा लागतो.

पुस्तकं लागतील. मराठी पुस्तकं हैदराबादेत मिळत नाहीत ही तक्रार नेहमी ऐकू येते. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. बालभारतीचं १९७१ पासून निघणारं ‘किशोर’ मासिक आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत विनामूल्य सापडते. एके रात्री ती मराठीत वाचावी, दुसऱ्या रात्री तेलुगूत मुलानं वाचून दाखवावी, तिसऱ्या रात्री इंग्रजीत. आणि वाचून झाल्यावर पुस्तकातले प्रश्न विचारू नयेत. ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ हे विचारावं.

सगळ्यात स्वस्त साधन मात्र आजी. ती गावाकडे असली तर व्हिडिओ कॉलवर. आपली मराठी शुद्ध नाही, तिच्यात उर्दू-तेलुगू शब्द शिरलेत, म्हणून हैदराबादच्या कितीतरी आज्या नातवंडांशी मोडकी हिंदी बोलतात; त्यांना थांबवायला हवं. ‘खबर’, ‘जिम्मेदारी’, ‘परेशान’ म्हणणारी मराठीही मुलासाठी पूर्ण भाषा आहे. शाळेत इंग्रजीतून शिकलेला धडा आठवड्यातून एकदा मुलीनं आजीला मराठीत समजावून सांगावा. समजा, धडा पाण्याची वाफ कशी होते याचा आहे. मुलगी सांगते, ‘अगं आजी, ऊन लागलं की पाणी हवेत जातं, ते दिसत नाही, पण ते असतं.’ आजी ऐकते आणि म्हणते, ‘असं होय? मग आपण गच्चीवर पापड वाळवतो, त्यातलं पाणीसुद्धा हवेतच जातं का गं? आणि पावसाळ्यात पापड का नाही वाळत?’ हे वहीत लिहिलेलं नाही, बाईंनी सांगितलेलं नाही. मुलगी जरा थांबते, आणि स्वतःच्या डोक्यानं उत्तर शोधायला लागते.